आधी कोण उतरणार

भोपाळला समुद्र नाही. तरी आमच्या बरखेड्याच्या टाउनशिपमध्ये आरमारी शिस्त होती, आणि ती निवृत्त कमांडरसाहेबांनी आणली असं सगळे सांगत. मला ते कधीच पटलं नाही. शिस्त आमच्याकडे आधीपासून होतीच. साहेबांनी तिला नुसता गणवेश चढवला.

कारखान्यात विजेची अवजड यंत्रं तयार होत, आणि टाउनशिपमध्ये माणसांच्या प्रतवाऱ्या. कुणाचं क्वार्टर दोन खोल्यांचं, कुणाचं तीन, कुणाच्या दारात पेरूची दोन झाडं आणि कुणाच्या दारात हिरवळ, हे सगळं ग्रेडवर ठरलेलं. शाळेत नवी मुलगी आली की तिचं नाव नंतर विचारायचे. आधी प्रश्न, "तेरे पापा कौन-से ग्रेड में हैं?" सभागृहात पहिल्या दोन रांगा सोफ्याच्या, मग वेताच्या खुर्च्या, मग लोखंडी घडीच्या, आणि शेवटी सतरंजी. आम्ही लोखंडी खुर्च्यांच्या शेवटच्या रांगेत. सतरंजीवर बसणाऱ्यांकडे वळून पाहण्याचा हक्क आम्हाला होता आणि आम्ही तो भरपूर वापरत असू. उगाच खोटं कशाला बोलू?

माझे बाबा कारखान्यात रिगर होते. म्हणजे भलीमोठी यंत्रं दोरखंडांनी आणि साखळ्यांनी बांधून क्रेनला लावायची आणि हाताच्या खुणांनी क्रेनवाल्याला वर-खाली करायला सांगायचं. हे काम ते नौदलात शिकले होते. मूळचे कोकणातले, पंधरा वर्षं नौदलात काढली आणि पेटी ऑफिसर होऊन बाहेर पडले. नावात ऑफिसर असलं तरी तो हुद्दा खलाशांतलाच. हे बाबा स्वतःच आधी सांगून टाकत, म्हणजे पुढच्याला सांगायचे कष्ट नकोत. जहाजावरच्या लहान बोटी चालवणं हे त्यांचं खास काम. घरात ते फार बोलत नसत. आईची कपडे वाळत घालायची दोरी मात्र अशी बांधलेली होती की वळवाच्या पावसात शेजाऱ्यांचे पत्रे उडाले पण आमचे टॉवेल जागेवर होते.

बाबांचा चार्जमनचा इंटरव्ह्यू दोनदा हुकला होता. चार्जमन म्हणजे सुपरवायझर, आणि सुपरवायझरला तीन खोल्यांचं क्वार्टर. आम्ही दोघी बहिणी स्वयंपाकघरात झोपत होतो आणि मी मॅट्रिकला होते. आई एका हळदीकुंकवाला सुपरवायझरच्या घरी जाऊन आली आणि तिथली तिसरी खोली बघून आली, तेव्हापासून तिचा जीव त्या खोलीत अडकला. खोलीला मागे दार होतं, दारापलीकडे स्वतःचा नळ. आई त्या नळाचं वर्णन असं करायची जसं लोक काशीयात्रेचं करतात. तिसरा इंटरव्ह्यू त्या उन्हाळ्यात होता. त्यानंतर वयाची अट संपत होती. एवढंच आमच्या घरात त्या वर्षी महत्त्वाचं होतं.

आणि त्याच वर्षी कमांडरसाहेब कारखान्यात प्रशासनाचे मोठे अधिकारी म्हणून आले. मूळचे पुण्याचे. पांढरी शुभ्र पँट, पॉलिश केलेले बूट आणि आवाज असा की समोरचा माणूस मैलभर लांब उभा आहे असं वाटावं. आल्या आल्या त्यांनी क्लबमधला एक जुना तंटा मिटवला. आमचे सुरक्षा अधिकारी लष्करातले निवृत्त कॅप्टन. त्यांच्या पत्नी पहिल्या सोफ्यावर बसत. साहेबांनी सर्वांना समजावून सांगितलं, की नौदलातला कॅप्टन लष्करातल्या कर्नलच्या तोडीचा असतो, आणि नौदलातला कमांडर लष्करी कॅप्टनच्या दोन पायऱ्या वर. दुसऱ्या दिवसापासून त्या बाईंना गुडघेदुखी सुरू झाली आणि त्या क्लबात यायच्या बंद झाल्या. सोफा कमांडरीणबाईंना मिळाला.

गणेशोत्सवात मराठी मंडळाने साहेबांचं व्याख्यान ठेवलं. विषय होता, समुद्राच्या इतिहासात हुद्द्याचं स्थान. ऐकायला अख्खी टाउनशिप लोटली, कारण व्याख्यानानंतर मसालेदूध होतं. साहेब बोलले छान, हे कबूल केलं पाहिजे. शिडांच्या जहाजांवर अधिकारी मागच्या बाजूला राहात आणि खलाशी पुढे, कारण सुकाणू मागे आणि लाटा पुढे. कप्तानाचं जेवण वेगळं, जिना वेगळा, डेकवर फिरायची बाजूसुद्धा वेगळी. आपल्या कोकणच्या आरमारातही खलाशी, त्याच्यावर तांडेल, आणि सगळ्यांच्या वर सरखेल. "समुद्रावर हुद्दा हाच जीव," साहेब म्हणाले. "जी जहाजं बुडाली ती हुद्दा न पाळल्यामुळे बुडाली." सोफ्यांनी टाळ्या वाजवल्या, मग वेताच्या खुर्च्यांनी, मग आम्ही.

शेवटी साहेबांनी स्वतःचा एक अनुभव सांगितला. ते तरुण सब-लेफ्टनंट असताना खवळलेल्या समुद्रात एका लहान बोटीत चौदा माणसं होती. जहाज दूर. लाटा डोक्यावरून जाताहेत. माणसं घाबरून उभी राहिली. साहेबांनी एकच हुकूम दिला, "खाली बसा!" आणि चौदाही जीव सुखरूप जहाजावर आणले. माझ्या अंगावर काटा आला. मी बाबांकडे पाहिलं. ते हातातल्या कार्यक्रमपत्रिकेची घडी घालत होते, एक घडी, दुसरी, तिसरी, मग पुन्हा उलगडून पहिल्यापासून.

घरी येताना आईने त्यांना खोदून खोदून विचारलं तेव्हा कुठे ते बोलले. त्या बोटीचं सुकाणू बाबांच्या हातात होतं. चौदातले तेरा जण मुकाट बसले होते. घाबरून उभा राहिला तो एकटा सब-लेफ्टनंट, आणि बोट त्याच्या बाजूला कलली. बाबा त्याला म्हणाले होते, "साब, खाली बसा. मी सांगेन तेव्हा उठायचं." आणि तो बसला होता, बादलीत तोंड घालून.

"अगंबाई!" आई रस्त्यातच थांबली. "मग उद्याच जाऊन भेटा ना त्यांना. म्हणावं, ओळखलंत का? इंटरव्ह्यू कोण घेणार, तेच ना?"

"ओळख वरच्याने द्यायची असते," बाबा म्हणाले. "खालच्याने नाही."

"आणि ते म्हणाले ते खरं का हो, जहाजं हुद्दा न पाळल्यामुळे बुडतात?"

"हुद्दा पाळल्यामुळेही पुष्कळ बुडाली. पुढे बसलेल्याला खडक दिसत असतो. पण त्याने बोलायची पद्धत नसते."

मला त्या रात्री साहेबांचा भयंकर राग आला आणि बाबांचा त्याहून जास्त. पण चिडून काय करणार? आमचं क्वार्टर दोन खोल्यांचं होतं.

जानेवारीत साहेबांच्या डोक्यात आलं, की भोपाळला समुद्र नसला तरी बडा तालाब तर आहे. टाउनशिपचा जलविहार व्हायलाच हवा. सुपरवायझर आणि त्यावरच्या सर्वांसाठी, सपत्नीक. साहेब स्वतः जाऊन घाट पाहून आले, मोटरची एक रुंद लाकडी बोट ठरवली आणि सायक्लोस्टाइल केलेलं परिपत्रक निघालं. नौदलाच्या परंपरेप्रमाणे बोटीत चढताना कनिष्ठ आधी चढेल आणि वरिष्ठ सर्वांत शेवटी. उतरताना वरिष्ठ सर्वांत आधी उतरेल आणि कनिष्ठ शेवटी. खाली ग्रेडनुसार नावांची यादी. बायकांना नवऱ्यांचे क्रमांक.

आम्ही मुली हे वाचून हसलो तर बाबा म्हणाले, हसू नका, यात अर्थ आहे. जहाजावर मोठ्या माणसाने डुचमळणाऱ्या लहान बोटीत ताटकळत बसायचं नसतं, म्हणून तो शेवटी येतो आणि आधी जातो. बोट शिडीला आडवी लागते, मोठा माणूस मागे बसलेला असतो, तो बाजूने पाय टाकून सरळ निघून जातो. कुणालाच त्रास नाही. "फक्त बोट आडवी लागायला हवी," ते म्हणाले.

प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलेल्या दिल्लीच्या संचालकांना सवड मिळेपर्यंत एप्रिल उजाडला. एप्रिलमध्ये बड्या तालाबाचं पाणी किती मागे सरकतं हे भोपाळच्या कुठल्याही धोब्याला विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं. साहेबांनी धोब्याला विचारलं नाही. घाटाच्या पायऱ्या उघड्या पडल्या होत्या, पुढे नुसता चिखल. बोट आडवी लावायला जागाच नव्हती. तिचं नाक चिखलात खुपसायचं आणि नाकावरून काठावर एक फळी टाकायची, एवढीच सोय.

सुकाणूवर बाबांना बोलावलं होतं. रिगर आहे, जुना नौदलाचा आहे, भाड्याच्या नावाड्यापेक्षा बरा. आईला हे कळलं तेव्हा तिने देवापुढे साखर ठेवली. आता दोन तास साहेबांच्या मागे हातभर अंतरावर बसायचं म्हणजे ओळख पटणारच. आम्हाला आमंत्रण नव्हतं, पण तलावाचा काठ काही क्लबचा नव्हता. जवाहर चौकातून मागच्या दिवाळीला घेतलेली साडी नेसून आई आम्हा दोघींना घेऊन काठावर उभी राहिली.

चढताना सगळं ठीक पार पडलं. सर्वांत कनिष्ठ सुपरवायझर आधी चढून मागे बसला, तर त्याला उठवून पुढे नाकाशी पाठवण्यात आलं, कारण मागची जागा मानाची. एकेक करत सगळे चढले, संचालक सपत्नीक शेवटी चढले आणि सगळ्यांच्या पायांवरून वाट काढत मागे बाबांच्या पुढ्यात जाऊन बसले. बोट गेली. काठावरून पाहताना छान दिसत होती.

परतताना पश्चिमेचा वारा सुटला. एप्रिलचा वारा तो, सांगून येत नाही. तलावावर लाटा उठल्या. बाबांनी बोट नीट आणून नाक चिखलात खुपसलं आणि बोटीबरोबर आलेल्या भाड्याच्या नावाड्याने फळी टाकली. पुढे बसलेले सुपरवायझर एका ढांगेत काठावर आले असते. पण यादीत त्यांचा नंबर शेवटचा. ते फळीला गुडघे टेकून बसून राहिले.

मागून संचालक उठले. संचालक उठल्यावर बसून राहायची कुणाची छाती? सगळी बोट उठून उभी राहिली. बोट डुलायला लागली. संचालक अंग सावरत, प्रत्येकाच्या खांद्याला धरत पुढे आले, फळीवर एक पाय ठेवला, खाली चिखल पाहिला आणि तिथेच थिजले. ते पुढे जाईनात, आणि त्यांच्या आधी दुसऱ्या कुणाला जाता येईना. वाऱ्याने बोटीची मागची बाजू फिरायला लागली.

"को खां," फळी धरलेला नावाडी भोपाळी ढंगात ओरडला, "जो आगे खड़े हैं वो उतर क्यों नहीं जाते?"

भाड्याचाच माणूस तो, त्याला परंपरा काय कळणार? कमांडरसाहेब हात वर करून सांगत होते, "ऑर्डर प्लीज! सीनियर फर्स्ट!" तेवढ्यात संचालकांनी पाय मागे घेतला. ते मागे सरकले म्हणून सगळेच आदराने मागे सरकले. बोट एका अंगावर कलली आणि लाटेचं पाणी कडेवरून आत आलं. बायका किंचाळल्या. आईने माझा दंड इतका घट्ट धरला की नखं रुतली.

आणि मग मी बाबांचा आवाज ऐकला. तसा चढलेला, माझ्या पंधरा वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदा ऐकला.

"बैठ जाओ! सब के सब! जहाँ हो, वहीं!"

सगळे बसले. संचालक बसले, त्यांच्या पत्नी कुणाच्या तरी डब्यावर बसल्या. एकटे कमांडरसाहेब हात वर करून उभे होते. बाबा त्यांच्याकडे पाहून म्हणाले, "साब, खाली बसा. मी सांगेन तेव्हा उठायचं."

साहेब बसले. पांढऱ्याशुभ्र पँटसकट पाण्यात बसले, आणि लगेच बसले, जसं काही त्यांचे पाय त्यांना न विचारता दुमडले.

"आगे से, एक-एक," बाबा म्हणाले. पुढचे सुपरवायझर उतरले, त्यांच्या बायका उतरल्या, मग मधले, आणि पाच-सात मिनिटांत बोट रिकामी झाली. संचालकांना दोघांनी हात धरून आणलं. साहेब शेवटी उतरले. बाबांनी त्यांच्यासाठी हात पुढे केला होता. तो त्यांनी घेतला नाही.

मला इतका अभिमान वाटला की रडू यायला लागलं. मी आईकडे पाहिलं. तिचा चेहरा पडला होता. "गेलं क्वार्टर," ती म्हणाली.

बोट वाचली याची टाउनशिपमध्ये चर्चा झाली नाही. चर्चा झाली ती संचालकांच्या आधी सुपरवायझर उतरले याची. सर्वांत पहिल्यांदा उतरलेल्या बिचाऱ्याने शरमेने तीन दिवस रजा टाकली. बाबांना आभाराचा एक शब्द कुणी बोललं नाही. शेजारच्या काकू मात्र आईला येऊन सांगून गेल्या, की तुमच्या ह्यांनी जरा मऊ बोलायला हवं होतं.

इंटरव्ह्यू पुढच्या आठवड्यात झाला. टेबलापलीकडे तिघे होते आणि मधल्या खुर्चीत कमांडरसाहेब. बाकीच्या दोघांनी क्रेनचं, साखळ्यांचं विचारलं, बाबांनी सांगितलं. साहेबांनी एकच प्रश्न विचारला. "बोटीतून उतरण्याचा क्रम काय?"

बाबांनी आम्हाला हे सांगितलं तेव्हा ते जेवत होते. आईची पोळी तव्यावर करपत होती.

"मग? तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, सीनियर फर्स्ट, सर."

"आणि?"

"ते म्हणाले, मग त्या दिवशी काय झालं? म्हटलं, चूक झाली, सर."

आईने डोळे मिटून हात जोडले. मी ताटावरून उठले. "चूक कसली? बोट बुडाली असती!" मी ओरडले. "तुम्ही खोटं बोललात." बाबांनी वरण वाढून घेतलं आणि म्हणाले, तुला तिसरी खोली हवी आहे ना? मी परत ताटावर बसले, कारण मला हवी होती.

एक गोष्ट त्यांनी पुष्कळ वर्षांनी सांगितली. इंटरव्ह्यूनंतर ते बाहेर पडले तेव्हा साहेब मागून व्हरांड्यात आले. आसपास कुणी नाही हे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "तुझा आवाज अजून तसाच आहे. चेहरा तर मी पहिल्याच दिवशी ओळखला होता." म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं. व्याख्यानातसुद्धा, शेवटच्या लोखंडी रांगेत कोण बसलंय ते पाहूनच ते बोलत होते. मी साहेबांची एवढी टिंगल करते, पण या एका गोष्टीची मला टिंगल करता येत नाही. चीडच येते.

बाबा चार्जमन झाले. तीन खोल्या मिळाल्या, मागचं दार मिळालं, नळ मिळाला. आईने पहिल्या दिवशी त्या नळाला हळदकुंकू लावलं. वास्तुशांतीला तिने पाहुण्यांसाठी खुर्च्या मांडल्या तेव्हा वेताच्या पुढे आणि लोखंडी मागे ठेवल्या. जुन्या शेजारच्या काकू आल्या त्या सरळ मागे जाऊन बसल्या. कुणाला सांगावंही लागलं नाही. मी पाहिलं. मला माझी खोली मिळाली होती.

पुढच्या वर्षी साहेबांनी जलविहार जानेवारीत ठेवला, पाणी पायऱ्यांना लागलेलं असताना. म्हणजे चूक त्यांनाही कळली होती, फक्त ती त्यांच्या नावावर नव्हती. या वेळी सुपरवायझरांची मुलंही बोलावली होती. यादीत शेवटचं नाव आमचं, म्हणून आम्ही सर्वांत आधी चढलो आणि पुढे नाकाशी बसलो. आई नवी साडी सावरून ताठ बसली होती. आमच्यामागून अख्खी टाउनशिप क्रमाने आली आणि आमच्या पायांवर पाय देत मागे गेली, आणि आई प्रत्येकाकडे पाहून हसत होती. सुकाणूवर कुणी नवा माणूस होता. त्याच्या हाताला बोटीची सवय नव्हती. तलावभर बोट वाकडीतिकडी जात होती. बाबा दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून समोर पाहात बसले होते.

परत येताना त्याने बोट पायऱ्यांवर आपटली. सगळे हिंदकळले. घाटावरच्या माणसाने दोरी फेकली ती आमच्यापुढे येऊन पडली आणि बोट मागे सरकू लागली तशी घसरत कडेकडे जायला लागली. बाबांचा हात आपोआप पुढे गेला. आईने त्यांचं मनगट धरलं.

"राहू द्या," ती हळू आवाजात म्हणाली. "आता ते आपलं काम नाही."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग हात परत गुडघ्यावर ठेवला. दोरी पाण्यात पडली. घाटावरच्या माणसाने ती ओढून घेऊन पुन्हा फेकली, मग आणखी एकदा, आणि ती कुणीतरी धरेपर्यंत आम्ही तसेच बसून राहिलो. आमचा उतरायचा नंबर तसाही सगळ्यांत शेवटचा होता.